कर्णिक डॉक्टरांच्या मोटारीचं निदान

मुलुंडच्या 'पाच रस्ता' नाक्यावर डॉक्टर श्यामकांत कर्णिकांचा दवाखाना होता, आणि डॉक्टरांना आजार ओळखता आला नाही असं त्या दवाखान्यात कधी घडलेलं नव्हतं. रोगी बाकावरून उठून खुर्चीत टेकेपर्यंत निदान तयार असे. त्याने तोंड उघडायच्या आत कर्णिक म्हणत, "पित्त आहे." नाहीतर, "थंडी भरली आहे छातीत." मग पडद्यामागे बाळा कंपाउंडर बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवी, लाल मिक्श्चर भरी, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी रोगी रिकामी बाटली घेऊन हसत परत येई. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. वीस वर्षं माणूस बरोबर ठरत आला की आपण चुकू शकतो हे तो विसरतोच. त्यात त्याचा फारसा दोष नसतो.

१९५३ च्या दिवाळीत डॉक्टरांनी मोटार घेतली. घाटकोपरचे एक पारशी इंजिनियर मुलाकडे आफ्रिकेला कायमचे चालले होते, त्यांची. विलायती बनावटीची, बाटलीच्या काचेसारखी हिरवी, आणि वयाने अठरा वर्षांची. म्हाताऱ्याने बॉनेटवरून एकदा हात फिरवला, "संभाळजो, डॉक्टर," म्हणाला आणि डोळे पुसत आत निघून गेला. ते अश्रू कशाचे होते हा प्रश्न कर्णिकांना पुढे बरेच दिवस पडला.

मुलुंडात मात्र मोटारीने नाव काढलं. व्हिजिटला जायचं म्हणजे नाहूरपर्यंत नाहीतर टेकडीच्या पायथ्यापर्यंत. दहा मिनिटांची वाट. तेवढ्यात ती कधी कुरकुरली नाही. डॉक्टर उतरले की बायका दारात येत, मुलं मडगार्डावर हात फिरवत, आणि आजारी माणूस आतून खोल आवाजात विचारी, "मोटार घेऊन आले का?" म्हणजे आपला आजार मोठा आहे याची त्याला खात्री पटे.

पहिल्यांदा ती बंद पडली ती एका रविवारी, विक्रोळी मागे टाकल्यावर. डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी पद्मजाबाई खारला निघाले होते. पद्मजाबाईंचे भाऊ विद्याधर तिथे राहत, एका जहाज कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, आणि दर रविवारी बहीण-मेहुण्यांनी जेवायला यावं असा त्यांचा आग्रह असे. आग्रा रोडवर दोन्ही बाजूंना शेतं, वर ऊन, आणि मोटारीने आधी दोन गचके दिले, मग तीन, मग एक सुस्कारा सोडून ती चिंचेच्या सावलीत उभी राहिली.

"प्लग," डॉक्टर म्हणाले. बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाले.

त्यांनी कोट काढून पद्मजाबाईंकडे दिला, बाह्या सारल्या, चारी प्लग काढले, रुमालाने पुसले, फुंकर मारली, परत बसवले. पद्मजाबाईंनी पिशवीतून लोकर काढली आणि विद्याधरच्या धाकट्या मुलासाठी स्वेटर विणायला घेतला. अर्ध्या तासाने डॉक्टरांनी कळ ओढली आणि मोटार पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"बघितलंस?" हाताचं काळं रुमालाला पुसत ते म्हणाले. रुमालही काळाच होता.

खारला पोचेपर्यंत भात गार झाला होता. डॉक्टरांनी जेवताना प्लग या विषयावर इतकं सांगितलं की विद्याधरांच्या पानातले बोंबीलही गार झाले. येताना मोटार शीवच्या अलीकडे बंद पडली.

"प्लग तर तुम्ही पुसले," पद्मजाबाई म्हणाल्या.

"परत घाण झाले असणार."

पण एवढ्यात एक मालट्रक थांबला आणि त्यातून उतरलेल्या धिप्पाड शीख ड्रायव्हरने काही न विचारता पेट्रोलची नळी सोडवली, तोंडाला लावली आणि भोंग्यासारखे गाल फुगवून तिच्यात फुंकलं. मग थुंकला, बिडी पेटवली, नळी परत बसवली, डॉक्टरांना दोनदा मोटारीखाली पाठवून काहीतरी बघायला लावलं आणि म्हणाला, "अब मारो." मोटार सुरू झाली. "कचरा था," तो म्हणाला. डॉक्टरांना तो कुठल्याही अंगाने आपल्या व्यवसायबंधूसारखा दिसत नव्हता, पण निदान करतानाचा त्याचा आवाज त्यांना ओळखीचा वाटला.

सोमवारी दवाखान्यात हा विषय निघाल्यावर बाळा कंपाउंडर म्हणाला, "साहेब, पेट्रोलमध्ये डांबराच्या गोळ्या टाका. दोनच. आतनं सगळं साफ होतं." पुढच्या रविवारी त्याने कागदाच्या पुडीत बांधून दोन गोळ्या दिल्या. डॉक्टरांनी त्या टाकल्या नाहीत. पण विक्रोळीच्या पुढे मोटार बंद पडल्यावर, प्लग पुसून झाल्यावर आणि नळी फुंकून झाल्यावर, आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी त्या हळूच टाकीत सोडल्या. मोटार सुरू झाली. डॉक्टरांना आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली.

असे पाच-सहा रविवार गेले. दर खेपेला मोटार बंद पडे आणि दर खेपेला कुठल्या ना कुठल्या उपायाने बरी होई. कार्बुरेटर खोलला, बरी झाली. पाणी बदललं, बरी झाली. एकदा कुर्ल्याच्या चौघा गवळ्यांनी ढकलत नेली, तेव्हाही बरी झाली. डॉक्टरांनी तिच्या नावाचा केसपेपर केला. वर 'वय अठरा' असं लिहिलं आणि खाली तारीखवार लक्षणं, निदान आणि उपाय. निदानाच्या रकान्यात प्रत्येक तारखेला वेगळा आजार होता आणि उपायाच्या रकान्यात प्रत्येक तारखेला लिहिलं होतं, 'गुण आला.'

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी तो कागद घेऊन ते बसले असताना पद्मजाबाई म्हणाल्या, "एक सांगू?"

"सांग."

"ती चार बोटांनी सुरू होते."

"चार बोटांनी? कळ तर मी दोन बोटांनी ओढतो."

"तसं नाही हो." त्यांनी स्वेटर मांडीवर पसरला. पाठ पुरी झाली होती, पुढचा भाग गळ्यापर्यंत आला होता. "हा सगळा मी आग्रा रोडवर विणलाय. घरी सुई हातात घेतलेली नाही. ती बंद पडली की मी सुरुवात करते, आणि ती सुरू होते तेव्हा चार बोटं झालेली असतात. दर खेपेला चार बोटं. तुम्ही प्लग पुसले तेव्हा चार, त्या सरदारजीने फुंकलं तेव्हा चार, गवळ्यांनी ढकललं तेव्हाही चार."

डॉक्टर हसले. रोग्याच्या बायका दारात उभ्या राहून असंच काहीतरी सांगतात, तेव्हा ते हसत तसंच. "म्हणजे काय, तुझ्या विणण्यामुळे सुरू होते?"

"कशामुळे ते मला काय माहीत? पण तुम्ही करता त्यामुळे होत नाही, एवढं दिसतं. पुढच्या खेपेला काहीच करू नका. नुसते बसा माझ्या शेजारी."

"काहीच न करता?"

"हो."

"अगं, काही न करता आपोआप बरं होतं असं जर लोकांना कळलं तर..." डॉक्टर बोलता बोलता थांबले.

पद्मजाबाईंनी स्वेटरची घडी घालता घालता वर पाहिलं. "तर काय?"

"काही नाही. चहा टाक."

पुढच्या रविवारी त्यांनी खरोखर बसून पाहिलं. सात मिनिटं बसले. घड्याळ बघितलं, खिशातला पाना चाचपला, घसा साफ केला. रस्त्याने एक सायकलवाला गेला आणि जाताना त्याने मोटारीत स्वस्थ बसलेल्या दोघांकडे अशा नजरेने पाहिलं की डॉक्टरांना राहवेना. आठव्या मिनिटाला ते खाली उतरले आणि म्हणाले, "नुसती हवा लागावी म्हणून बॉनेट उघडतो." उघडलं. मग नुसतं बघावं म्हणून एक प्लग काढला. मोटार सुरू झाली तेव्हा पद्मजाबाईंनी स्वेटरवर चार बोटं ठेवून दाखवली.

शेवटी डॉक्टर सहदेव परबाकडे गेले. सहदेव मूळचा मालवणकडचा. परळच्या एका गिरणीत बारा वर्षं फिटर होता. आता नाहूरच्या वाटेवर पत्र्याची शेड टाकून ट्रक आणि टॅक्स्या दुरुस्त करी. बुटका, काळा, आणि बोलण्यापेक्षा ऐकण्यात जास्त वेळ घालवणारा माणूस.

"काय होतं?" त्याने विचारलं.

"कार्बुरेटरचा दोष आहे."

"तो तुमचा निकाल झाला. होतं काय?"

"बंद पडते."

"कधी? निघाल्या निघाल्या की चालून?"

"चालून. विक्रोळीच्या पुढे. पण मी सांगतो ना, कार्बुरेटर..."

"तुम्हीच सांगणार तर माझ्याकडे कशाला आणलीत?" सहदेव म्हणाला.

डॉक्टर चपापले. घरूनच आजाराचं नाव ठरवून येणाऱ्या रोग्यांना हे वाक्य ते स्वतः ऐकवत, शब्दही हेच. पुढची सगळी उत्तरं त्यांनी मुकाट्याने दिली. किती वेळाने पडते? पंचवीस-तीस मिनिटांनी. आधी गचके देते का? देते. सकाळी लवकर निघालात तर? उशिरा पडते. सुरू कधी होते? इथे डॉक्टर जरा अडखळले आणि म्हणाले, "आमच्या घरात असं म्हणतात की चार बोटांनी."

सहदेवने ते काय म्हणून विचारलं, नीट ऐकून घेतलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर आदर दिसला. तो डॉक्टरांसाठी नव्हता. "वहिनींनी बरोबर धरलंय," तो म्हणाला.

त्याने मोटार दहा मिनिटं फिरवून आणली. शिवणाच्या यंत्रासारखी चालत होती.

"काय नाय झालंय हिला."

"म्हणजे?"

"म्हणजे आत्ता नाय. आजार अंगात असताना बघायला पाहिजे. बंद पडलेली घेऊन या."

"बंद पडलेली कशी आणू? बंद पडली की ती येणार कशी?"

"मग मला घेऊन चला," सहदेव म्हणाला.

म्हणून जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तिघं निघाले. सहदेव इस्त्रीचा लेंगा-सदरा घालून, पान्यांची पिशवी मांडीवर धरून पुढे बसला. लोकांच्या घरी जायचं तर नीट जायला हवं, असं त्याच्या बायकोने बजावलं होतं. पद्मजाबाई मागे. हवेत बोचरा गारठा होता. भांडुप गेलं, कांजूर गेलं, विक्रोळी आली. डॉक्टरांनी कान टवकारले. चिंच आली, मागे पडली. मोटार चाललीच होती.

"आता पडेल," डॉक्टर म्हणाले.

घाटकोपर गेलं.

"चढावर पडेल."

चढही गेला. डॉक्टरांनी मोटार मुद्दाम खालच्या गिअरमध्ये घालून रडवली, बाजूने ऊन लागेल अशी चालवली. वीस वर्षांच्या व्यवसायात कुणाचा तरी आजार उलटावा अशी इच्छा त्यांनी पहिल्यांदाच मनापासून केली. सहदेव बाहेर बघत होता. मधूनच त्याने पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. माहीमची खाडी ओलांडली तेव्हा डॉक्टरांचा चेहरा इतका उतरला होता की पद्मजाबाई मागून म्हणाल्या, "असू दे हो. येताना पडेल."

खारला ते सव्वाअकराला पोचले. गेले दोन महिने पाहुणे एक-दीडला येत. त्यामुळे विद्याधरांच्या घरात सगळी धांदल उडाली. विद्याधर गालाला साबण लावलेल्या अवस्थेत दार उघडायला आले, त्यांच्या पत्नी सुलक्षणाबाईंचे तांदूळ अजून सुपात होते.

"श्यामराव, काय झालं? सगळं ठीक ना?"

"बंद पडली नाही," डॉक्टर खिन्नपणे म्हणाले.

सहदेवला मात्र त्या घरात चांगलं वागवलं. खारदांड्याहून सकाळीच आलेल्या सरंग्याची आमटी त्याने दोनदा मागून घेतली आणि सुलक्षणाबाईंना सांगितलं की झकास झालीय, फक्त तिरफळं टाकायला हवी होती. विद्याधर खूश झाले. दोन महिन्यांत प्रथमच त्यांच्या जेवणाच्या खोलीत माशांविषयी बोलणं झालं होतं. डॉक्टर गप्प बसून जेवले. आपण फिटरला मोटारीतून फिरवून पाहुणचाराला आणलं, याहून जास्त काही घडलेलं नाही, असं त्यांना वाटत होतं, आणि तसं वाटण्यात चूक काहीच नव्हती.

साडेतीनला परत निघाले. गारठा पळाला होता, ऊन चांगलं तापलं होतं. धारावी मागे पडली, शीवचा किल्ला दिसायला लागला, आणि त्या टेकडीखाली मोटारीने एक गचका दिला. डॉक्टरांनी श्वास रोखला. दुसरा गचका. तिसरा. मग तो परिचित सुस्कारा.

"पडली!" डॉक्टर ओरडले. त्या ओरडण्यात इतका हर्ष होता की रस्त्यावरचे चार लोक काय मिळालं ते बघायला धावत आले.

सवयीने डॉक्टर उतरले, बॉनेट उघडलं, पाना काढला आणि पहिल्या प्लगला लावला.

"डॉक्टरानू, हात लावू नकात!" सहदेवची मालवणी बाहेर पडली. त्याने त्यांचा हात सरळ मनगटाला धरून बाजूला केला आणि त्यांना मोटारीच्या पायरीवर बसवलं. डॉक्टर बसले. दवाखान्यात मध्ये मध्ये करणाऱ्या नातेवाइकांना ते असंच बसवत.

आता वीसेक माणसं जमली होती आणि प्रत्येकाकडे औषध होतं. एक म्हणाला पेट्रोल संपलंय, एक म्हणाला पट्टा तुटलाय, एका म्हाताऱ्याने लिंबू बांधायला सांगितलं. सहदेवने कुणाकडे पाहिलं नाही. त्याने आधी पेट्रोलची नळी सोडवली. धार नीट आली. परत बसवली. मग मधली जाड वायर उपटली, तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ बोटभर अंतरावर धरलं आणि म्हणाला, "वहिनी, पुढे बसा आणि कळ ओढा."

पद्मजाबाईंनी लोकर बाजूला ठेवली, पुढे येऊन बसल्या आणि कळ ओढली. वायरीच्या टोकाला ठिणगी उडाली. पण बारीक, तांबूस, विझत्या उदबत्तीसारखी. त्याने पुन्हा ओढायला लावली. तीच.

मग सहदेवने इंजिनाच्या अंगालाच पट्टीने आवळलेल्या एका काळ्या डबीला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"या इथे. बघा हात लावून."

डॉक्टर उठले. हात लावला. तव्यासारखी तापली होती. मोटार आल्या दिवसापासून ही डबी ते बघत होते आणि एकदाही तिच्याकडे त्यांचं लक्ष गेलं नव्हतं.

"ही काय आहे?"

"कॉइल. आत केसासारखी तार असते, हजारो वेढे. बॅटरीचा करंट कमजोर, तो इथे वाढतो आणि मग प्लगात जाळ होतो. आता तार म्हातारी झाली, वरचा लेप गेला. थंड असते तोवर चालते. तापली की करंट आतल्या आत जिरतो, प्लगपर्यंत पोचतच नाही. तुम्ही प्लग पुसता, नळी फुंकता, तेवढ्यात ही आपली थंड होते. गाडी सुरू. तुम्हाला वाटतं, पुसल्यामुळे झाली."

"कशावरून?" डॉक्टर म्हणाले. एवढ्या लोकांसमोर काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

"दाखवतो. पाणी आहे का?"

पद्मजाबाईंनी फिरकीचा तांब्या दिला. सहदेवने डॉक्टरांचा रुमाल मागितला, भिजवला, पिळला, डबीवर गुंडाळला. वाफ आली. "आता हा असा बदलत राहा," तो म्हणाला आणि स्वतः बिडी पेटवायला बाजूला झाला. डॉक्टर वाकले. रुमाल तापला की काढायचा, भिजवायचा, परत ठेवायचा. कोट घातलेला एक भारदस्त गृहस्थ भर रस्त्यात मोटारीच्या अंगावर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवतोय, हे बघायला गर्दी आणखी वाढली.

"अरे, हे मुलुंडचे कर्णिक डॉक्टर ना?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

डॉक्टरांनी मान वर केली नाही.

सहा वेळा रुमाल बदलून झाल्यावर सहदेवने पुन्हा वायर धरली. पद्मजाबाईंनी कळ ओढली. या वेळी ठिणगी उडाली ती निळी, जाड, आणि टकटक आवाज करत.

"करंट ईलो बगा!" सहदेव म्हणाला, आणि गर्दीने आपलंच काहीतरी जिंकल्यासारखा आवाज केला. वायर खोचून कळ ओढताच मोटार सुरू झाली. मागे जाऊन बसताना पद्मजाबाईंनी स्वेटर बघितला. मधल्या वेळात जेमतेम दोन बोटं झाली होती.

आठवडाभरात सहदेवने नवीन कॉइल आणली, आणि ती इंजिनाला न बांधता, बॉनेटच्या आत जरा लांब, इंजिनामागच्या पत्र्यावर, हवा लागेल अशी बसवली. त्यानंतर मोटार कधी बंद पडली नाही. गोष्ट एवढ्यावर संपायला हवी होती. पण शीवच्या गर्दीतला तो ओळखणारा माणूस मुलुंडचाच होता.

बुधवारपर्यंत सगळ्या पाच रस्त्यावर झालं की कर्णिक डॉक्टरांनी मोटारीचा ताप ओळखला आणि पट्ट्या ठेवून उतरवला. त्या हकिकतीत सहदेव कुठेच नव्हता. फार तर 'बरोबर एक माणूस बिडी ओढत उभा होता' एवढाच. बाळा कंपाउंडर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे की डांबराच्या गोळ्यांनी आतून सफाई झाली होती म्हणून पट्ट्या लागू पडल्या. डॉक्टरांनी दोघा-तिघांना खरं सांगून पाहिलं. त्यांनी तो डॉक्टरांचा विनय मानला. मग डॉक्टरांनीही फार ताणलं नाही.

पुढच्याच आठवड्यात ठाण्याहून चंद्रप्रकाश नावाचे एक व्यापारी आले आणि खोकणाऱ्या रोग्यांच्या रांगेत बाकावर बसले. नंबर आल्यावर खुर्चीत टेकून म्हणाले, "डॉक्टर, माझी मोटार सकाळी..."

"कॉइल," डॉक्टर म्हणाले.

ते त्यांच्या तोंडून निघून गेलं. व्यापारी आभार मानून गेले, नवीन कॉइल बसवली, मोटार सकाळी सुरू होईनाच. शेवटी ती सहदेवच्या शेडमध्ये आली. सहदेवने अर्धा तास नुसते प्रश्न विचारले, मग बॅटरीची खराब झालेली तार बदलली. त्याने डॉक्टरांना चिठ्ठीवर निरोप पाठवला: 'कॉइल नव्हती. रोगी बघितल्याशिवाय औषध देऊ नये. राग मानू नये.'

त्या दिवशी डॉक्टरांनी तो निरोप दोनदा वाचला. नंतर ते बराच वेळ बाळाच्या फळीवरच्या लाल बाटल्यांकडे बघत राहिले. आपण या वीस वर्षांत किती प्लग पुसले असतील याचा त्यांनी अंदाज करून पाहिला आणि मग तो विचार सोडून दिला.

त्यानंतर आठ दिवसांनी अण्णा टिपणीस आले. निवृत्त पोस्टमास्तर, डॉक्टरांचे पहिल्या वर्षापासूनचे रोगी. अंग मोडून आलं होतं, नाक वाहत होतं, जिभेला चव नव्हती. डॉक्टरांच्या ओठांवर नाव आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि विचारायला सुरुवात केली. कधीपासून? सकाळी जास्त की संध्याकाळी? घाम येतो का? झोप कशी? छाती पुढून-मागून तपासली, घसा बघितला, नाडीवर पुरं मिनिट बोट ठेवलं. अण्णा आधी सुखावले, मग काळजीत पडले, आणि शेवटी त्यांचा चेहरा पांढरा झाला.

"डॉक्टर, फार वाईट आहे का?"

"छे, साधं पडसं आहे. काहीच करू नका. गरम पाणी प्या, हलकं खा, चार दिवस घरी नुसते बसा. आपोआप जाईल."

"आणि औषध?"

"औषधाची गरज नाही."

अण्णा खुर्चीतून उठले ते वेगळेच अण्णा होऊन. दारापाशी त्यांनी वळून पाहिलं. "वीस वर्षं येतोय हो मी," ते म्हणाले. मग ते थेट स्टेशनजवळ नव्याने आलेल्या एका डॉक्टरकडे गेले. त्याने त्यांना बघताक्षणी इंजेक्शन टोचलं. चौथ्या दिवशी अण्णा खडखडीत बरे झाले आणि पाच रस्त्यावर उभे राहून सांगू लागले, की काय सुई आहे त्या पोराची! कर्णिकांचं लक्षच उडालंय. मोटार आल्यापासून सगळा जीव त्या मोटारीत. मला म्हणतो, घरी बस.

बाळाने हे शब्द जसेच्या तसे डॉक्टरांच्या कानावर घातले. त्या आठवड्यात बाक अर्धा रिकामा राहिला.

"मी खरं तेच सांगितलं त्यांना," डॉक्टर रात्री जेवताना पद्मजाबाईंना म्हणाले.

"हो ना," पद्मजाबाई म्हणाल्या. "पण त्यांना बसायला जमायला हवं. तुम्हाला कुठे जमलं होतं? आठव्या मिनिटाला उतरलात."

डॉक्टरांनी भात दुसऱ्यांदा वाढून घेतला.

सोमवारी एक बाई आली. तिला दुपारी-दुपारी कसर येई. सकाळी अंग गार. डॉक्टरांनी तिला पुष्कळ विचारलं आणि सांगितलं, "आज दुपारी ये. ताप अंगात असताना बघायचंय मला. रक्त घेऊ." बाई मान हलवून गेली, आणि दुपारी खरंच आली. तिच्यानंतर शाळेतले एक मास्तर आले. अंग मोडून आलेलं, नाक वाहणारं. डॉक्टरांनी त्यांनाही दहा मिनिटं प्रश्न विचारले, छाती तपासली, आणि खात्री झाल्यावर पडद्याकडे बघून हाक मारली.

"बाळा, मास्तरांना मिक्श्चर दे. चार दिवसांचं."

"कुठलं, साहेब?"

"लाल," डॉक्टर म्हणाले, आणि मग जरा आवाज खाली आणून, "पाणी जरा जास्त घाल."